गेटपर्यंत

२ जून

लागली यादी. प्रतीक्षायादीत पहिला नंबर!

म्हणजे झालं नाही. आणि झालं नाही असंही म्हणता येत नाही. दारात उभं करून ठेवलंय, या म्हणत नाहीत आणि जाही म्हणत नाहीत.

पशुवैद्यकीय कॉलेजच्या यादीत नावं नसतात, नुसते अर्जाचे क्रमांक. लेकीने मोबाइलवर बोट खाली खाली सरकवत आपला क्रमांक शोधला. जागा संपतात तिथे एक रेघ मारलेली, आणि रेघेखाली पहिले आम्ही. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि केस बांधायला आत गेली. आमची ही म्हणाली, "त्या रेघेला एवढी कसली घाई झाली होती?"

संध्याकाळी घारीचा फोन. बेकरीवाल्याची मुलगी, पहिलीपासून लेकीच्या बाकावरची. तिचं झालं. रेघेच्या वरची शेवटची जागा तिची! लेक फोनवर चांगली हसली. मग म्हणाली, "माझं? माझं अजून लटकलंय गं." नंबर सांगितला नाही. फोन ठेवल्यावर आम्हाला बजावलं, "कोणाला सांगायचं नाही. बेकरीत तर नाहीच नाही."

प्रवेश परीक्षेत लेक घारीच्या पुढे. वर्गात घारी तिसरी, लेक चौथी. हे कॉलेज दोन्ही धरतं, परीक्षेचे गुण आणि शाळेतला क्रमही. त्या एका पायरीने दोघींच्या मधून रेघ गेली.

लांबच्या कॉलेजात दोघींचंही मागच्याच महिन्यात झालंय. तिथे क्रम विचारत नाहीत, फक्त परीक्षा. पण ते रात्रभराच्या प्रवासावर. अर्ज आपला भरून ठेवला होता. तिकडे कोण पाठवतंय.

३ जून

शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून एक बीकर फुटला. लक्षच नव्हतं.

४ जून

मुलांना सुट्टी, मला नाही. परीक्षानळ्या घासायच्या, सूक्ष्मदर्शकांना तेल द्यायचं, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या. आणि याच दिवसांत प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर पालक येऊन बसतात. हे कसं सुरू झालं आठवत नाही. एका मुलाचं मी बरोबर सांगितलं असेन, ते गावभर झालं. तेव्हापासून गुण सांगतात, वर्गातला क्रम सांगतात, आणि विचारतात, "मामा, होईल का हो?"

माझ्याकडे काही विद्या नाही. इतकी वर्षं मुलं येताना-जाताना बघतोय, त्याचा अंदाज. कुठल्या शाळेतला पाचवा हा दुसऱ्या शाळेतल्या पहिल्याला भारी असतो ते माहीत झालंय. चुकतोही. टायरवाल्याच्या मुलाचं होणार नाही म्हणालो होतो, त्याचं झालं. टायरवाला तेव्हापासून रस्त्यात दिसला की हात पुढे करतो. "ज्योतिषीबुवा, जरा आमचंही बघा, पंक्चर कधी निघणार!"

आज रिक्षावाला आला होता मुलाचे गुण घेऊन. नाही होणार. मी म्हणालो, "बघू या, दुसरीकडेही अर्ज असू द्या." मग चहा पाजला. मग गेटपर्यंत सोडायला गेलो. परत येताना वॉचमन म्हणाला, "गेला बिचारा."

"कोण गेला?"

"त्याच्या पोराची जागा हो. मामा, तुम्ही गेटपर्यंत आलात की मी समजतो. ज्याचं होणार असतं त्याला तुम्ही बाकावरूनच बरं म्हणता. ज्याचं होणार नसतं त्याला सोडायला येता. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. बायका तर एकमेकींना विचारतात, मामा कुठवर आले होते?"

मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं मला वाटत होतं, कोणाला कळत नाही, आपण कोणाला दुखवत नाही. तोंडाने नाही म्हणवत नाही म्हणून चालत जातो, हे खरं. पण पाय असे बोलत असतील हे मनातही आलं नव्हतं.

५ जून

सकाळी देवापुढे बसलो. रोजचं झालं, मग म्हणालो, लेकीला एक जागा वर सरकव. म्हणालो आणि जीभ चावली.

एक जागा वर म्हणजे कोणीतरी एक बाहेर. आणि तो कोणीतरी मला ठाऊक आहे. घारे डोळे आहेत तिचे, लहानपणी आमच्या ओट्यावर बसून नखं खायची.

गावच्या शाळेत आम्हाला क्रमाने बसवायचे. पहिला मास्तरांच्या टेबलाशी, शेवटचा दाराशी. परीक्षा झाली की आपापलं दप्तर उचलून सरकायचं. एक पुढे गेला की दुसऱ्याला मागे जावंच लागे, खोली काही वाढत नसे. मी बहुतेक दाराजवळ असायचो. वाईट नव्हतं. वारा यायचा, आणि मधली सुट्टी झाली की सगळ्यांच्या आधी बाहेर. पण आई रोज म्हणायची, देवा, पोराला जरा आत सरकव. तिला कुठे ठाऊक होतं, आत सरकलो तर तेलवाल्याचा पोरगा दारात येईल. तो माझा मित्र होता.

गुण मागता येतात. देवाकडे गुण कितीही असतील, सगळ्या मुलांना पुरून उरतील. क्रम मात्र त्याच्याकडेही मोजकाच. क्रम मागणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराच्या हातातलं मागणं.

मग मागू काय? उठलो तसाच. आज पहिल्यांदा काही न मागता उठलो, आणि त्याने शांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

६ जून

आज तरी मागायचं नाही असं ठरवून बसलो. हात जोडले आणि पहिला विचार आला तो घारीच्या जागेचा. देवळातही हीच जागा डोळ्यापुढे, घरातही हीच.

७ जून

लेक डबा घेऊन शाळेत आली. डबा दिला आणि बाकावर बसली, पालक बसतात तिथेच.

"मामा," म्हणाली. मला!

"काय गं हे?"

"समजा मी दुसऱ्या कोणाची मुलगी आहे. गुण तुम्हाला माहीत आहेत. वर्गात चौथी. प्रतीक्षायादीत पहिली. सांगा, होईल का?"

मी परीक्षानळीला ब्रश घालत राहिलो. नळी केव्हाच स्वच्छ झाली होती. म्हणालो, "दर वर्षी कोणी ना कोणी सोडतंच."

"या वर्षी कोण सोडेल?"

मी नळ सुरू केला.

"आणि दुसऱ्या कोणाची मुलगी असते, तर कुठे जा म्हणाला असतात?"

"तुझं ठरलंय ना. इथंच."

"मी कुठे ठरवलंय," असं काहीतरी म्हणाली. नळाचा आवाज होता.

निघाली तेव्हा मी स्टुलावरून हललो नाही. मुद्दाम. तिने दारातून वळून पाहिलं आणि हसली. "उठला नाहीत. म्हणजे आशा आहे." तिलाही माहीत आहे तर! सगळ्या जगाला माहीत, एक मी सोडून.

८ जून

जे होऊ नये म्हणून जीव टांगणीला लागला होता तेच झालं. बेकरीवाले आले.

टोस्टची पिशवी बाकावर ठेवली, अंगावरचं पीठ झटकलं. "मामा, घारीचं सांगा. तिचं इथंही झालंय आणि तिकडे लांबही झालंय. इथलं धरू का तिथलं? परवापर्यंत इथं पक्कं करायचंय, नाही केलं तर जागा जाते."

मी म्हणालो, "घरचे काय म्हणतात?"

"घरचे! बायको म्हणते इथं. आई म्हणते शिकून तरी गुरंच बघायची ना, ती काय इथं कमी आहेत? मेव्हणा म्हणतो तिथं, कारण त्याला तिकडे जायला निमित्त हवंय. आणि घारीला विचारलं तर म्हणते, तुम्ही म्हणाल ते. भांडणारी पोर परवडली हो. ही 'तुम्ही म्हणाल ते' म्हणते ना, तिचीच मला भीती वाटते. म्हणून म्हटलं, मामांना विचारू. तुमचा काही त्यात हात नाही, पाय नाही. सरळ सांगाल."

माझा हात नाही, पाय नाही! त्यांना ठाऊकच नाही की त्यांच्या लेकीच्या मागेच रांगेत माझी लेक उभी आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण लेकीने बजावलेलं.

मला मनातून काय वाटत होतं ते इथे लिहून ठेवतो. घारीने लांब जावं. वर्गाच्या प्रयोगासाठी दोन तुकड्या असत, घारी लेकीच्या तुकडीत नसे; तिला मी प्रयोगशाळेत बघितलंय. तोंडी विचारलं की शब्द फुटत नाही, हातात काही दिलं की मान वर करत नाही. लांबच्या कॉलेजचा जनावरांचा मोठा दवाखाना आहे, पहिल्या वर्षापासून मुलांना तिथे उभं करतात. इथं दर सहामाहीला पुन्हा क्रम लावतात. शेवटच्या जागेवरून आत गेलेली मुलगी, बरोबर सगळी इथलीच पोरं, सगळ्यांना माहीत. ती पोर पाच वर्षं नखं खात बसेल. दुसऱ्या कोणाची लेक मधे नसती तर मी एका दमात म्हणालो असतो, लांब पाठवा.

पण ते म्हटलं की जागा माझ्या घरात येते! मग ते माझं मत कसं? का माझी हाव मताचे कपडे घालून आली? मला काही कळेना.

मी म्हणालो, "इथलंच धरा. घराजवळ आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

बेकरीवाले माझ्याकडे बघत राहिले. "नक्की?"

"नक्की."

मग ते उठले, मीही उठलो. भट्टीच्या विटा बदलायच्या आहेत म्हणाले, चांगला गवंडी मिळत नाही. बोलत बोलत गेटपर्यंत गेलो. मला ऐकू काही येत नव्हतं. लेकीची जागा चालली एवढंच डोळ्यापुढे होतं. वॉचमनने त्यांना रामराम केला.

परत आलो. देवा, तुझ्यासाठी सोडलं रे, असं म्हणालो. बरं वाटेल असं वाटलं होतं.

९ जून

हिला सांगितलं. न सांगून कुठे जाणार. हिने आधी पोळपाट पुसला, जागेवर ठेवला. मग सुरू झाली.

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं एक आणि सांगितलंत दुसरं."

"अगं, आपला स्वार्थ होता त्यात."

"होता ना? मग तसं सांगायचं. म्हणायचं, माझी मुलगी रांगेत आहे, मला विचारू नका. ते नाही केलंत. त्या माणसाने विश्वासाने विचारलं आणि तुम्ही त्याला खोटं सांगितलंत. वर देवाच्या नावाने पावती फाडलीत."

"आपल्या फायद्याचं तर नाही ना बोललो?"

"आपल्या तोट्याचं बोललं की खोटं खरं होतं, हे कुठल्या पोथीत आहे ते मला दाखवा. त्यांच्याही पोरीचं वाटोळं, आपल्याही पोरीचं. दोघींना बुडवून तुम्ही एकटे कोरडे!"

मी पुण्य करायला गेलो आणि हात घातला तो दुसऱ्याच्या लेकीच्या आयुष्यात.

संध्याकाळी बेकरीत गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. काउंटरशी उभा राहिलो आणि लक्षात आलं, आता जाऊन "लांबचं बरं" म्हणालो की जागा माझी होते. कालचं खोटं त्यागासारखं दिसणार, आजचं खरं हावेसारखं. मागच्या बाईने पिशवीने ढोसलं. "दादा, घ्यायचंय का नुसता वास?" पाव घेतला आणि परत आलो.

घरी पाव तसाच पडून आहे. कोणी हात लावला नाही.

१० जून

आज त्यांचा पक्कं करायचा शेवटचा दिवस. वर्गाच्या घड्याळाला किल्ली दिली आणि परत दिली. तुटली.

११ जून

सकाळी लेकीच्या मोबाइलवर निरोप. जागा रिकामी झाली आहे. चौदा तारखेपर्यंत पक्कं करा.

हिने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि खालीच बसली. मीही देवाकडे वळलो, हात जोडले, आणि तिथेच थिजलो. रिकामी कशी झाली? रेघेच्या वरच्या सगळ्यांत कोणीही असेल. पण मला माहीत होतं कोण. लेक खिडकीशी उभी राहून बेकरीच्या दिशेने बघत होती. तिलाही माहीत असावं.

चप्पल उलटीसुलटी घालून बेकरी गाठली. भट्टीपाशी बेकरीवाले घामाघूम.

"घारीचं इथलं सोडलंत?"

"सोडलं की. परवाच कळवून टाकलं. लांबचं धरलं."

"पण मी तर सांगितलं होतं, इथलं धरा!"

ते हसले. "मामा, तोंडाने सांगितलंत. आणि मग गेटपर्यंत सोडायला आलात. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, मामा म्हणतात इथं धरा, पण गेटपर्यंत आले. ती म्हणाली, मग संपलं, इथं पोरीचं भलं नाही. तुम्ही कोणाला तोंडावर वाईट सांगत नाही, सगळी गल्ली ओळखते तुम्हाला. तुमचे पाय खोटं बोलत नाहीत."

मग सगळं सांगितलं. प्रतीक्षायादी, पहिला नंबर, लेकीने बजावलेलं, मनात काय होतं आणि तोंडाने काय बोललो. मी का चालत आलो होतो तेही सांगितलं. त्यांच्या पोरीसाठी नव्हे. माझ्या लेकीची जागा जात होती म्हणून पाय उठले होते.

बेकरीवाल्यांनी लांब फावड्याने पाव बाहेर ओढले. एकही उलटा पडला नाही. मग म्हणाले, "आणि मनात होतं ते लांबचंच ना, घारीसाठी?"

"हो."

"मग पाय कुठल्या का कारणाने उठेनात, बरोबर ठिकाणी आले. आता पोरीसमोर रडू नका. ती कालपासून पेटी भरतेय. 'तुम्ही म्हणाल ते' म्हणणारी पोर पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, बाबा, ती पेटी नको, कुलूप लागत नाही तिला."

पाव दिला बळेच. गरम होता. रस्त्यात हात भाजत होता तरी धरून चाललो.

सुटलो का मी? बेकरीवाल्यांनी सोडलं. माझं मला सुटता येत नाही. जागा आली ती माझ्या खोटेपणातून आली, का खरेपणातून? देवाने माझ्या तोंडाचं ऐकलं नाही, हे एक बरं केलं.

१२ जून

लेकीला सगळं सांगितलं. डोकं खाली घालून सांगितलं, जसं मुलं गृहपाठ केला नाही ते सांगतात.

ती म्हणाली, "घारीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, बाबा."

"तू सांगितलंस?"

"लटकलंय म्हटलं तेव्हाच ती ओळखून होती. ती बोलली नाही, मी बोलले नाही. तिला जायचंच होतं हो. पण तिच्या घरात कोणाचा तरी शब्द लागतो, आणि तिचा स्वतःचा चालत नाही."

मग म्हणाली, "तुम्हाला घारीसाठी लांबचं का बरं वाटलं ते मला सांगा. खरं सांगा."

सांगितलं. हातात दिलं की जमतं ते, दवाखाना, दर सहामाहीचा क्रम नाही ते, इथल्याच पोरांत तोच नंबर कपाळावर घेऊन फिरावं लागणार नाही ते. बोलत गेलो. इतकं नीट मी कोणाबद्दल बोललो नसेन. ती हनुवटी गुडघ्यावर ठेवून ऐकत होती.

"आणि हे सगळं घारीपुरतंच?" म्हणाली.

मी "म्हणजे?" म्हणालो. कळलं नव्हतं असं नाही.

ती उठली. ताटं घ्यायला गेली.

१३ जून

प्रयोगशाळेतला नाजूक तराजू काचेच्या पेटीत असतो. पेटीचं दार लावल्याशिवाय वजन करायचं नाही. नुसत्या श्वासाने काटा हलतो. दर वर्षी मी हे नव्या मुलांना सांगतो. आज तराजू पुसताना स्वतःलाच सांगितल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या मुलांच्या वेळी माझ्या पेटीचं दार लागलेलं असतं. लेकीच्या वेळी मी काट्यावर तोंड ठेवून बसलोय.

त्याहून वाईट एक आहे. मला वजनच माहीत नाही. घारीचा हात मला माहीत आहे, रिक्षावाल्याच्या पोराचा माहीत आहे. लेकीची तुकडी प्रयोगाला आली की मी बाहेर जाऊन नळ दुरुस्त करत बसायचो. मामा लेकीला सांगतो असं कोणी म्हणू नये म्हणून. दोन वर्षं ती माझ्या प्रयोगशाळेत होती आणि मी तिला तिथे पाहिलंच नाही.

जीवशास्त्राच्या बाई कपाटाची किल्ली घ्यायला आल्या होत्या. धीर करून विचारलं, "बाई, माझी मुलगी प्रयोगात कशी होती हो?"

बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. "विचारलंत का शेवटी! मामा, आपला तो चावरा ससा आठवतो?"

न आठवून कसं चालेल. मला दोनदा चावला होता.

"त्याचा पाय दुखावला तेव्हा पट्टी कोणी बांधली?"

"तुम्हीच ना?"

"मी? मी त्याच्या पिंजऱ्यापासून हातभर लांब असायची. तुमच्या लेकीने बांधली. रोज सोडून नवी बांधायची. तिला कधी चावला नाही. तिने मला शपथ घातली होती, बाबांना सांगू नका, ते आत येऊन बघत बसतील आणि मग लाजून पुन्हा बाहेर जातील."

किल्ली घेऊन बाई गेल्या. मी त्या रिकाम्या पिंजऱ्यापाशी जाऊन आलो. दाराला अजून तिच्या रिबिनीची गाठ आहे. मी ती रोज बघत होतो आणि वाटायचं, कोणा पोरीची राहिली असेल.

रात्री जेवताना म्हणालो, "उद्या पक्कं करायचं ना." मला म्हणायचं होतं वेगळं. म्हणायचं होतं, तू दुसऱ्या कोणाची असतीस तर मी काय सांगितलं असतं ते मला माहीत आहे. त्याऐवजी मीठ मागितलं. ही माझ्याकडे बघत होती आणि लेक हिच्याकडे.

"उद्या," लेक म्हणाली.

१४ जून

सकाळी शाळेला निघालो तर लेकीनेही चपला घातल्या. "कुठे?" म्हटलं. "येते जरा," म्हणाली. वाटेत बेकरीच्या दारात घारीची नवी पेटी उन्हात टाकलेली होती, झाकण उघडं. लेक तिथे क्षणभर थांबली आणि पुन्हा माझ्या बरोबरीने चालू लागली. शाळेपाशी मला वाटलं ती आत येईल, बाकावर बसेल. ती गेटपाशीच थांबली.

"जा आत, बाबा," म्हणाली.

वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. गेटपर्यंत आज कोण कोणाला सोडायला आलं होतं, ते त्याला दिसत होतं.